घरव्यवहार : पंधरा दिवसांत पैसे देणाऱ्या कंपनीला फ्लॅट द्यावा का?

‘थेट खरेदी, ब्रोकरेज नाही, पंधरा दिवसांत पैसे खात्यात’ असे सांगणाऱ्या कंपन्यांबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतली सहा निवडली आहेत. आकडे पत्रांतलेच आहेत. जिथे पत्रात आकडा नव्हता तिथे आम्ही अंदाज धरला आहे आणि तसे सांगितले आहे.

प्रश्न : वडगाव बुद्रुकला आमचा टू बीएचके आहे, इमारत २००६ ची, लिफ्ट आहे. एजंट म्हणतो ८० लाख सहज येतील. आम्हा दोघांना मुलाकडे नाशिकला कायमचे जायचे आहे. एका कंपनीने ६२ लाख लेखी दिले आहेत, रंगरंगोटीसुद्धा करू नका म्हणाले. १८ लाख कमी, ही लूट म्हणायची की असाच दर असतो? — वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : लूट नाही. कंपनीच्या खुर्चीत बसून हिशेब मांडला की आकडा कुठून आला ते दिसते. तुमचा फ्लॅट तिला स्वतःच्या नावावर घ्यायचा तर पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ७ टक्के भरावे लागते (बाईच्या नावावर घेतला तर १ टक्का सवलत, पण कंपनी कुठली बाई!). शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेल्या दराची) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागते. तुमच्या पत्राप्रमाणे रेकनर ६४ लाख, म्हणजे ४ लाख ४८ हजार, वर नोंदणी फी ३० हजार. पुढचे आकडे आमच्या अंदाजाचे : दुरुस्ती आणि रंग २ लाख. फ्लॅट पुन्हा विकेपर्यंत सहा महिने धरा, अडकलेल्या रकमेवर १२ टक्क्यांनी व्याज ४ लाखांच्या घरात. सोसायटीचा मेंटेनन्स २१ हजार. पुढच्या विक्रीत एजंटला १ टक्का आणि त्यावर जीएसटी, मिळून साधारण ९४ हजार. आणि कंपनी धर्मादाय संस्था नाही, तिचा नफा ८ टक्के धरला तरी ६ लाख ४० हजार. बेरीज १८ लाख ३३ हजार. ८० मधून वजा करा, ६१ लाख ६७ हजार उरतात.

म्हणजे ६२ लाखांची ऑफर हिशेबात बसते. उलट पंधरा दिवसांत ७४ लाख देतो म्हणणारी कंपनी आली असती तर आम्ही तुम्हाला जास्त जपून राहायला सांगितले असते. इतका भाव देऊन कंपनीला परवडायचे तर वरच्या यादीतला एखादा मोठा खर्च गाळावा लागतो. गाळता येण्यासारखा मोठा खर्च एकच : मुद्रांक शुल्क. ते गाळायचे म्हणजे फ्लॅट घ्यायचाच नाही, फक्त तुम्हाला कागदाने बांधून गिऱ्हाईक शोधायचे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

आता ८० चे बघू. एजंटने तोंडी सांगितलेला भाव हा बाजारभाव नव्हे. शेजारच्या बिल्डिंगमध्ये प्रत्यक्ष कितीला नोंदणी झाली हे घरबसल्या कळते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ‘ई-सर्च’ उघडा, जिल्हा पुणे, तालुका हवेली, गाव वडगाव बुद्रुक निवडा, मिळकत क्रमांकाच्या चौकटीत तुमचा सर्व्हे नंबर घाला. तो तुमच्याच इंडेक्स टू वर, म्हणजे दस्तनोंदणीच्या गोषवाऱ्यावर, मिळेल. गेल्या वर्षभराचे दस्त समोर येतात. प्रत्येक इंडेक्स टू वर मोबदला, बाजारभाव आणि क्षेत्रफळ असते. क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये दिलेले असते, १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. क्षेत्र कार्पेट (आतले वापराचे) लिहिले आहे की बिल्टअप (बाहेरच्या भिंती धरून), हे बघितल्याशिवाय भागाकार करू नका, निम्मे लोक इथेच चुकतात. आणि ‘पार्किंगसह’ लिहिलेला दस्त बिनपार्किंगच्या दस्ताशी लावू नका. एकच महागडा दस्त बघून खूश होण्यापेक्षा पाच-सहा काढा.

समजा त्यातून ७६ लाख हा खरा भाव निघाला आणि विक्रीला चार महिने लागले. ब्रोकरेज १ टक्का अधिक जीएसटी सुमारे ९० हजार, चार महिन्यांचा मेंटेनन्स १४ हजार. हातात ७५ लाखांना थोडे कमी. कंपनीच्या ६२ लाखांपेक्षा जवळजवळ १३ लाख जास्त. थांबण्याचा दर महिना सव्वातीन लाख पडतो. नाशिकला जायला तुम्हाला कोणी अडवलेले नाही, किल्ली एजंटकडे किंवा विश्वासू शेजाऱ्याकडे ठेवूनही फ्लॅट विकता येतो. आमच्या मते तुम्ही ६२ ला देऊ नये.

ज्यांनी द्यावा असे लोकही आहेत. हप्ते थकून बँकेची सरफेसी कायद्याखालची (थकीत कर्जापोटी घर ताब्यात घेऊन विकण्याआधीची) ६० दिवसांची नोटीस आलेली असेल तर लिलावात जे मिळेल त्यापेक्षा ६२ लाख बरे. दुसऱ्या फ्लॅटचा इसार दिला आहे आणि उरलेली रक्कम तारखेला न भरल्यास तो बुडणार आहे, तेही समजण्यासारखे. तिसरे म्हणजे ज्या घरावर मोठ्या बँका कर्जच देत नाहीत : कंप्लीशन सर्टिफिकेट नाही, गुंठेवारीतले बांधकाम, मंजूर नकाशापेक्षा एक मजला जास्त. अशा घराचे गिऱ्हाईक मुळातच रोखीने घेणारे असते, तिथे कंपनीचा भाव आणि बाजारचा भाव यांत फारसे अंतर उरत नाही.

पण फ्लॅट ‘विकला जात नाही’ म्हणून कंपनीकडे जाणाऱ्या पुष्कळांची अडचण घर नसून फाइल असते. बिल्डरशी झालेला मूळ करार सापडत नाही, शेअर सर्टिफिकेटवर अजून वारलेल्या वडिलांचे नाव आहे, मिळकतकर थकला आहे. मूळ करार हरवला तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, प्रतिज्ञापत्र आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित नक्कल, एवढ्यावर बहुतेक बँका मानतात. यात पैसे हजारांत जातात, लाखांत नाही. कंपनीही खरी असेल तर हेच कागद मागणार आणि ते नाहीत म्हणून भाव पाडणार. फाइल पूर्ण असेल तर गिऱ्हाइकाच्या बँकेचा वकील आणि व्हॅल्युअर यांचे काम धरूनही तीन-चार आठवड्यांत कर्ज मंजूर होते.

प्रश्न : कंपनीने आम्हाला ७० लाख कबूल केले. पण खरेदीखत लगेच नाही. आधी एक समजुतीचा करार आणि नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र मागतात. २ लाख आता, बाकी ९० दिवसांत. वकील त्यांचाच. सही करावी का? — वाचक, कर्वेनगर

उत्तर : या कागदांवर नाही. हाच तो मुद्रांक शुल्क गाळण्याचा मार्ग. कंपनी खरेदीदार नाही, ती तुमचा फ्लॅट ९० दिवस राखून ठेवणार आणि त्या काळात तुमच्या वतीने, तुमच्याच मुखत्यारपत्रावर, तिसऱ्याला विकणार. गिऱ्हाईक मिळाले तर वरची रक्कम तिची. नाही मिळाले तर ९० दिवस संपल्यावर ‘बाजार पडलाय’ म्हणून ६४ वर बोलणी. तोवर तुम्ही दुसऱ्या कोणाला फ्लॅट दाखवलेला नसतो.

मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितले आहे. त्यावर विसंबून निर्धास्त राहू नका. मालकी कागदोपत्री तुमची राहते म्हणजेच सगळ्या जबाबदाऱ्याही तुमच्याच राहतात. त्या मसुद्यात ‘अपरिवर्तनीय’ आणि ‘मोबदल्यापोटी’ हे दोन शब्द शोधा. मोबदल्यापोटी दिलेले मुखत्यारपत्र तुम्हाला एकतर्फी रद्द करता येत नाही असे कंपनी म्हणू शकते, आणि त्या म्हणण्याला करार कायद्याचा आधार आहे. शिवाय मोबदला घेऊन विक्रीचे अधिकार दिले की महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताइतकेच मुद्रांक शुल्क लागते. कमी स्टॅम्पवर केलेला दस्त पुढे अडकतो.

सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट टॅक्सची आहे. समजा कंपनीने तुमचा फ्लॅट ७८ लाखांना विकला. त्या खरेदीखतात विकणारे तुम्ही, मोबदला ७८ लाख. खरेदीदार ५० लाखांवरच्या व्यवहारात १ टक्का टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर ७८ हजार असा जमा होतो. आयकर खात्याच्या लेखी तुम्हाला ७८ लाख मिळाले. तुमच्या खात्यात आले ७०. मधल्या ८ लाखांचे कंपनीचे पक्के बिल हातात नसेल तर ते खर्च म्हणून दाखवणेही कठीण.

कंपनीला सरळ एक प्रश्न विचारा : ‘पैसे तयार आहेत ना? मग साठेखत कशाला, थेट खरेदीखत करू.’ साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा आधी केलेला करार. कर्ज काढणाऱ्या गिऱ्हाइकाला ते लागते, कारण बँकेला ते दाखवावे लागते. रोख पैसे असणाऱ्याला लागत नाही. हवेलीच्या कुठल्याही सोयीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात एकाच दिवशी डीडी किंवा आरटीजीएस, खरेदीखत, नोंदणी आणि किल्ली, असे होऊ शकते. खरेदीदार म्हणून कंपनीचे नाव, मुद्रांक शुल्काचे चलन कंपनीच्या नावाचे. हे ऐकून ती गप्प झाली तर तुम्हाला उत्तर मिळाले.

साठेखत करायचेच ठरले तर ते नोंदवताना विचार करा. नोंदलेले साठेखत रद्द करायला नोंदलेलाच रद्दलेख लागतो आणि त्यावर दोघांच्या सह्या लागतात. कंपनी सहीला आली नाही तर तुमचा फ्लॅट सर्च रिपोर्टमध्ये (वकिलाच्या मालकी तपासणीच्या अहवालात) अडकलेला दिसतो, कोर्टात जावे लागते. म्हणून इसार किमान १० टक्के, मुदत ४५ दिवसांच्या आत, ताबा फक्त खरेदीखताच्या दिवशी. किल्ली ‘रंगाला’ म्हणूनसुद्धा आधी देऊ नका. वकील स्वतःचा घ्या. आणि ‘कॅश’ याचा अर्थ नोटा नव्हे : घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांत घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. म्हणजे तुम्हाला.

प्रश्न : औंधचा फ्लॅट २००५-०६ मध्ये १४ लाखांना घेतला. कंपनीची ऑफर ६२ लाख. सीए म्हणतात टॅक्स ७४ लाखांवर बसेल. मिळालेल्याच पैशावर टॅक्स असतो ना? — वाचक, औंध

उत्तर : तुमचे सीए बरोबर आहेत, कारण तुमच्या फ्लॅटची रेडी रेकनरप्रमाणे किंमत ७४ लाख आहे. करारातली किंमत रेकनरपेक्षा कमी असेल तर आयकर खाते १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेते. ६२ च्या ११० टक्के म्हणजे ६८ लाख २० हजार, रेकनर त्याच्या वर आहे, म्हणून विक्री पूर्ण ७४ लाखांना झाली असे धरले जाते. ६८.२० नव्हे, पूर्ण ७४.

२३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला दोन पर्याय आहेत : नफ्यावर सरळ १२.५ टक्के, किंवा महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून २० टक्के. २०२५-२६ मधली विक्री धरली तर निर्देशांक ३७६, तुमच्या खरेदीच्या वर्षाचा ११७. १४ लाखांचे ४५ लाख होतात. ७४ वजा ४५, २९ लाखांवर २० टक्के म्हणजे ५ लाख ८० हजार. १२.५ टक्क्यांच्या मार्गाने ६० लाखांवर साडेसात लाख आले असते, म्हणून पहिला नको. प्रत्यक्ष ६२ लाखच धरले असते तर १७ लाखांवर ३ लाख ४० हजार. म्हणजे हातात न आलेल्या १२ लाखांपायी तुम्ही २ लाख ४० हजार आणि वर ४ टक्के सेस भरणार. ऑफर ६२ ची नाही, साडेएकोणसाठची आहे असे समजा.

कंपनीलाही ते १२ लाख उत्पन्न म्हणून दाखवावे लागू शकतात, त्यामुळे रेकनरच्या फार खाली जाणे तिलाही नको असते. हा मुद्दा भाव वाढवून मागताना वापरा. रेकनरचे दर बदलले तर सहसा १ एप्रिलला बदलतात. साठेखत मार्चमध्ये झाले आणि इसार बँकेतून आला असेल तर साठेखताच्या तारखेचा दर धरता येतो. फ्लॅटची खरी किंमतच रेकनरपेक्षा कमी असेल तर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते, त्यासाठी विक्रीआधी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल करून ठेवा. दोन वर्षांत दुसरे घर घेणार असाल, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंतचे भांडवली नफ्याचे रोखे घेणार असाल तर टॅक्स कमी होतो किंवा संपतो, ते सीएंशी आधी ठरवा.

प्रश्न : फ्लॅट वडिलांच्या नावावर होता, नॉमिनी मी. बहीण अमेरिकेत, भाऊ चिंचवडला. कंपनी म्हणते नॉमिनीची सही पुरे. — वाचक, कोथरूड

उत्तर : पुरत नाही. नॉमिनीला सोसायटी सभासद करून घेते, मालकी वारसांकडे जाते. मृत्युपत्र नसेल तर आई हयात आहे का तेही सांगा, तिचाही हिस्सा आहे. सर्व वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागेल. जी कंपनी हे मागत नाही तिचे पैसे बहुधा अर्धेच येतात आणि उरलेले ‘वारसांचा प्रश्न मिटेपर्यंत’ अडकतात.

बहिणीचे मुखत्यारपत्र तिथे नोटरी आणि अपोस्टिल (परदेशात चालणारे सरकारी प्रमाणन) होऊन आले की महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. ती अनिवासी असल्यामुळे तिच्या हिश्शावर १ टक्का नाही, भांडवली नफ्याच्या दराने टीडीएस लागतो, आणि कमी कपातीचे प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधी आणले नाही तर कंपन्या तो पूर्ण रकमेवर कापून मोकळ्या होतात. त्या प्रमाणपत्राला आठवडे जातात. तुमच्या घराच्या बाबतीत पंधरा दिवस हा शब्दच विसरा.

प्रश्न : फ्लॅटवर २७ लाख कर्ज बाकी आहे. कंपनी म्हणते हप्ते आम्ही चालू ठेवतो, तुम्ही ताबा द्या. — वाचक, हडपसर

उत्तर : नको. कर्ज तुमच्या नावावर राहते, कंपनीने दोन हप्ते चुकवले की सिबिल तुमचा पडतो आणि घरात दुसराच कोणी राहत असतो. बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या, त्यात विशिष्ट तारखेपर्यंतची रक्कम आणि दिवसाचे व्याज लिहिलेले असते. त्या रकमेचा डीडी कंपनीने थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे काढावा. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असे रिझर्व्ह बँकेचे बंधन आहे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार भरपाई. म्हणून खरेदीखताची तारीख कागद कधी मिळणार हे शाखेतून लेखी घेऊनच ठरवा. सोसायटीची हस्तांतरण फी महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर मागता येत नाही, ‘देणगी’ म्हणूनही नाही.

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला असते. तिथले घर ‘सात दिवसांत विका’ वाल्या कंपनीला द्यायचा विचार आहे. कंपनीने घर बघून गेल्यावर किंमत खाली आणली. तिथे हे चालते का? — वाचक, बाणेर

उत्तर : चालते, आणि जुनी तक्रार आहे. २०१३ मध्ये तिथल्या ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने या धंद्याची पाहणी केली तेव्हा शेवटच्या क्षणी भाव पाडणे आणि घराची खरी किंमत कमी सांगणे हेच आक्षेप पुढे आले होते. इंग्लंडमध्ये दोन्ही बाजूंच्या कराराची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो, त्यामुळे किंमत खाली आणणे बेकायदा ठरत नाही. पण तेवढ्याच मोकळेपणाने तुमच्या मुलीलाही निघून जाता येते, फक्त तिने एकाच कंपनीला बांधून घेणारा कागद आधी दिलेला नसावा. कंपनी द प्रॉपर्टी ऑम्बुड्समनची सभासद आहे का ते तपासावे, म्हणजे तक्रारीला जागा राहते. आपल्या इंडेक्स टू सारखी शेजारच्या घरांची विक्री किंमत तिथे एचएम लँड रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर फुकट दिसते. घाईच असेल तर साध्या लिलावाचा भावही काढून बघावा : हातोडा पडला की १० टक्के त्याच दिवशी आणि उरलेले सहसा २८ दिवसांत, आणि त्यानंतर भाव खाली आणायला जागा नसते.